यात रम आहे, चालेल का?

४ मार्च, दुकानातून

ताई,

नमस्कार लिहायचा नाही असं ठरवून बसले होते, आणि पहिलीच ओळ त्याच्या खुलाशात गेली. असू दे. सात वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, तूही नाही. आज लिहितेय ते भांडायला, हे आधीच सांगते. नाहीतर तुला वाटेल घरी कुणी आजारी आहे.

काल सकाळी अकराच्या सुमाराला अन्न खात्याची तीन माणसं दुकानात आली. आधी त्यांनी एकेक कप पिस्ता आइस्क्रीम खाल्लं, चांगलं आहे म्हणाले, आणि मग ओळखपत्रं काढली. त्यांच्यातले मोठे साहेब काचेमागच्या पाट्या एकेक करून वाचत पुढे सरकत होते. शेवटून दुसऱ्या पाटीवर थांबले. तिच्यावर लिहिलं होतं: 'रम-मनुका. यात खरी रम आहे, शेकडा एकाच्या आत. लहान मुलांना देत नाही.'

"ही पाटी कोणी लिहिली?"

"मी."

"अक्षर चांगलं आहे," म्हणाले, आणि पाटी काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

या महिन्याच्या एक तारखेपासून नवा नियम लागू झालाय, तुला सांगायला नको. दारूचा अंश असलेली मिठाई, चॉकलेट, केक, आइस्क्रीम दुकानात विकायचं नाही. आम्ही एक तारखेलाच रम-मनुका विकणं बंद केलं होतं. डबा फ्रीझरमध्ये होता आणि पाटी काढायची राहिली होती, एवढंच. साहेब म्हणाले, साठा सापडला म्हणजे विक्रीचा हेतू सापडला. डबा नमुना म्हणून घेतला, फ्रीझरला चिकटपट्ट्या लावून लाख ओतली आणि सुनावणी होईपर्यंत दुकान बंद ठेवायचा कागद बाबांच्या हातात दिला. फ्रीझरमधला व्हॅनिला आणि स्ट्रॉबेरीही अडकली. त्यांचा काय गुन्हा, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, "संगत."

आणि आजच्या पेपरात तुझा फोटो. नियमाचं स्वागत करणाऱ्या समितीत तू मधोमध उभी आहेस. खाली छापलंय की निवेदनावरची पहिली सही व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंची. ती सही मी ओळखते. त्याच हाताने मला अक्षरं शिकवली आहेत.

बाबांनी बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "बारीक झालीये."

मी मात्र सरळ विचारते. आमच्या दुकानाचं नाव तू दिलंस का? दिलं असशील तर तसं लिही. घुमवून लिहू नकोस.

धाकटी


११ मार्च

ताई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. 'मी नियम मागितला, दुकान नाही. तुमचं नाव मी घेतलेलं नाही. आमच्याकडे एक माणूस होता, नऊ महिने दारूला न शिवलेला. वाढदिवसाच्या पार्टीत कुणीतरी त्याला न सांगता आइस्क्रीम दिलं. पुढचं तुला सांगायची गरज नाही.'

नावाबद्दल तू खरं बोलतेयस असं मी धरून चालते. पूर्ण विश्वास बसलाय असं मात्र म्हणत नाही.

त्या माणसाबद्दल वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. तो आपल्याकडे आला असता तर? मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, "यात रम आहे, चालेल का?" नेहमीच्या गिऱ्हाइकांनासुद्धा. रोज सकाळी एक पेन्शनर आजोबा येतात. त्यांना मी चार वर्षं रोज विचारते आणि ते रोज म्हणतात, "बघू या, आज तरी चढते का." पण घरी न्यायला कुणी मोठा डबा घेतला, तर पुढे तो कुणाच्या ताटलीत जातो हे मला माहीत नसतं. डब्याच्या झाकणावर मी काहीच लिहीत नव्हते. ही माझी चूक आहे. तुझ्या बाजूची आहे म्हणून लपवणार नाही.

आता इथलं सांगते. गल्लीची जत्रा झालीये. सकाळी तुझ्या समितीच्या बायका समोरच्या फुटपाथवर फलक घेऊन उभ्या राहतात. दुपारी कॉलेजची मुलं येतात. त्यांनी रस्त्यावर खडूने एक सरळ रेघ मारली, कुठून तरी लिकरची चॉकलेटं पैदा केली, आणि एकेकजण चॉकलेट खाऊन रेघेवरून चालून दाखवत होता. एक धडपडला तर त्याचा मित्र म्हणाला, "हा न खाताही असाच चालतो." पोलीसही हसले. समितीतल्या एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, माझा नवरा अशाच रेघेवरून सरळ चालून दाखवायचा. रोज." मग कुणीच हसलं नाही.

मला ती मुलं आवडत नाहीत. ती आमच्या बाजूची आहेत असं पेपरात छापून येतं, म्हणून आणखीच आवडत नाहीत. आपली गोष्ट चेष्टेची नाही.

पेन्शनर आजोबांनी संपादकाला पत्र पाठवलं. 'या वयात माझ्या वाट्याला रोज दोन चमचे मजा येते, तीही शेकडा एकाच्या आत. सरकारने ती मोजायला माणूस नेमला.' दुसऱ्या दिवशी त्यांना कुणीतरी उत्तर दिलं, 'आजोबा, नातवंडांसमोर लाज बाळगा.' आजोबा मला म्हणाले, "नातवंडं परदेशात आहेत. लाज पोस्टाने पाठवू का?"

बाबांबद्दल तू काही विचारलं नाहीस. म्हणून मीही लिहीत नाही.

धाकटी


१५ मार्च

ताई,

तुझी माफी मागायची आहे. ती आधी मागते आणि कारण नंतर लिहिते, नाहीतर कारण लिहिता लिहिता माफी बारीक होत जाईल. मला माफ कर. तुझ्यावर आळ घेतला.

आज खात्याच्या ऑफिसात गेले होते. आमच्याविरुद्ध कोणाची तक्रार आहे ते बघायचा हक्क आपल्याला असतो. तिथल्या कारकून बाईंनी फाइल काढून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "बघा, पण पान फाडू नका." मी म्हटलं, मी कशाला फाडीन. त्या म्हणाल्या, "पहिलं पान बघून सगळ्यांनाच फाडावंसं वाटतं."

पहिलं पान माझ्या अक्षरात होतं.

दोन वर्षांपूर्वी मीच खात्याला लिहिलं होतं. 'आम्ही रम-मनुका आइस्क्रीम करतो. मनुके तीन दिवस रममध्ये भिजवून, निथळून घालतो. प्रयोगशाळेतून तपासून घेतलं, दारूचं प्रमाण शेकडा एकाच्या आत आहे. यासाठी वेगळा परवाना लागतो का, कृपया लेखी कळवावे.' प्रयोगशाळेचा दाखला जोडला होता. उत्तर आलं नाही म्हणून तीन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं पाठवलं. तेही फाइलमध्ये आहे. तिन्हींच्या खाली माझी सही आणि दुकानाचा पत्ता, पिन कोडसकट.

बाबांनी तेव्हा बजावलं होतं, "न विचारता चाललंय ते विचारून बंद करू नकोस." मी त्यांना न सांगता पाठवलं. मला वाटलं, आपण सरळ आहोत तर सरळ विचारावं.

साहेब चहा पीत होते. मला म्हणाले, "नियम करायचा ठरला तेव्हा वरून विचारणा आली, असा माल खरंच कुठे विकला जातो का, पुरावा द्या. अख्ख्या खात्यात पुरावा एकच होता. तुमचा. दोन वर्षांत विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच."

"मग तुम्ही उत्तर का दिलं नाही?"

"उत्तर माहीत नव्हतं," म्हणाले. खोटं बोलत नव्हते बिचारे.

हे मी तुला का सांगतेय, तर गेल्या दोन पत्रांत मी ते सांगितलं नव्हतं. फाइल बघायच्या आधी मला माहीत नव्हतं हे खरं आहे. पण धाड पडली त्याच दिवशी मनात पाल चुकचुकली होती, हेही खरं आहे. तुझ्यावर ढकललं तेव्हा हलकं वाटलं होतं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आज सांगते.

पण ताई, एक गोष्ट ऐक. मी विचारलं याची मला लाज वाटत नाही. मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, सारखी आजारी असायचे. तू मला काउंटरवर बसवून आइस्क्रीमच्या पाट्यांवरून वाचायला शिकवलंस. सीताफळाचा डबा संपला आणि आईने त्यात दुसरं काही भरलं की तू मला आधी पाटी बदलायला लावायचीस. आत जे असेल तेच बाहेर लिहायचं, म्हणायचीस. मी तेवढंच केलं. शिकवताना तू शिकवलंस आणि शिकले म्हणून दुकान बंद, हा हिशोब मला मान्य नाही.

धाकटी


१९ मार्च

ताई,

या वेळी तुझं पत्र मोठं होतं. पान भरून. 'पाटी लावणारी तू एक. न लावणारे शंभर. मी त्या शंभरांसाठी नियम मागितला, आणि नियम तुला वगळून करता येत नाही.' हे वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर बोलतेय ती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण वकील झाली असती तर आपलं काही खरं नव्हतं."

फाइलचं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. मनुके निवडत होते. विकायला बंदी आहे तरी हाताला काम हवं म्हणून निवडतात. म्हणाले, "मला माहीत होतं. दुसऱ्या स्मरणपत्राची पोचपावती माझ्याच हातात पडली होती." दोन वर्षं गप्प बसले होते.

आता तुझ्या त्या शंभरांबद्दल. समोरच्या केकवाल्या काकांचा रम-केक तुला आठवत असेल, नाताळ असो नसो, वर्षभर विकायचे. धाड पडली तेव्हा मला वाटलं आता त्यांची पाळी. काल बघते तर दुकान उघडं आणि काचेवर नवी पाटी: 'बिनरमचा रम-केक.' मी विचारलं, "काका, रम काढल्यावर चव राहते का?"

काका इकडेतिकडे बघून म्हणाले, "अगं, होती कधी? बाटलीतलं एसेन्स घालायचो. खरी रम परवडते कुणाला?"

"मग इतकी वर्षं 'अस्सल रम' लिहायचात ते?"

"लिहायला काय जातंय."

म्हणजे बघ. अस्सल म्हणून नकली विकणारा माणूस तुझ्या नियमात निर्दोष. खरं सांगून खरं विकणारे आम्ही आरोपी.

याच्यापुढचं जास्त वाईट आहे. काल साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, त्यांना फाइल बंद करायची आहे. म्हणाले, "प्रयोगशाळेचं यंत्र बिघडलंय, नमुना तपासायला महिना जाईल. त्यापेक्षा तुम्ही सुनावणीत लिहून द्या की यात फक्त एसेन्स होतं, पाटीवरचा मजकूर जाहिरातीपुरता होता, आणि जुनी पत्रं मुलीने गैरसमजातून लिहिली. ताकीद देऊन सोडतो. दुसऱ्या दिवशी शटर उघडा."

बाबा घरी येऊन म्हणाले, "मी सही करणार."

"खोटं आहे ते."

"दुकान खरं आहे ना. खरंखोटं मग बघू."

"तुम्ही सही केलीत तर मी तिथेच उभी राहून सांगेन की खोटं आहे."

"माझ्याविरुद्ध?"

"हो."

बाबा म्हणाले, "परवाना माझ्या नावावर आहे. सही माझी लागते, तुझी नाही."

तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. मी चार पानं लिहून काढलीत, सुनावणीत वाचायला. त्यात एक मुद्दा तुझ्यासाठी आहे, आत्ताच सांगते. उद्या सगळ्यांनी एसेन्स असं लिहून आत रम घातली, तर तुझ्या त्या नऊ महिन्यांच्या माणसाला कोण सांगणार? मी निदान विचारत होते. विचारणारी दुकानं बंद झाली की न विचारणारी उरतील. तू मागायला हवं होतंस की प्रत्येक पाटीवर, प्रत्येक झाकणावर लिहा, प्रत्येकाला विचारा, मुलांना देऊ नका, चुकलात तर दुकान बंद. त्या निवेदनावर मी दुसरी सही केली असती. बाबांनी तिसरी.

सुनावणी पंचवीस तारखेला आहे. माझा आवाज कापतो हे तुला माहीत आहे. कापू दे.

धाकटी


२६ मार्च

ताई,

काल काय झालं ते जसं झालं तसं लिहिते. तुझ्या समितीतल्या दोघी होत्या, त्यांनी तुला सांगितलं असेलच. पण त्यांना सगळं समजलं नसणार.

ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. एका बाकावर समितीच्या बाई आणि त्यांची सोबतीण, दुसऱ्या बाकावर आम्ही दोघं आणि साक्षीला म्हणून आपणहून आलेले पेन्शनर आजोबा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सहीचा कागद टाइप होऊन तयार होता, मी उलटा वाचला: '...केवळ सुगंधी अर्क...'

माझी चार पानं मांडीवर होती. बाबांनी पेन उचललं की उभी राहायचं, असं मी ठरवलं होतं.

पण त्याआधी एक रीत निघाली. सील केलेला माल आपलाच आहे अशी ओळख परवानाधारकाने पटवायची असते. बर्फाच्या पेटीतून डबा आणला, लाख फोडली. रम-मनुका कधी दगडासारखा गोठत नाही, तसाच मऊ होता. साहेबांनी एका वाटीत थोडं काढून बाबांपुढे सरकवलं, वर चमचा ठेवला. म्हणाले, "एक चमचा घ्या, माल आमचा, एसेन्सचा, एवढं म्हणा. मग सही."

सोपं काम होतं. बाबांनी चमचा भरला. तोंडापर्यंत नेला नाही. परत वाटीत ठेवला.

"माल आमचा आहे. दिसतोच आहे. चाखणार नाही."

"अहो, तुमच्याच दुकानातलं आइस्क्रीम."

"बाकी सगळं चाखतो. हे नाही."

"का?"

ताई, त्या खोलीत आठ माणसं होती. बाबा बसले होते ते उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती.

"मी दारुडा होतो, साहेब. पाच वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. हे आइस्क्रीम मी मोजून करतो आणि चाखते माझी धाकटी. रमची बाटली तिच्या कुलपात असते. यात रम आहे, म्हणून चाखत नाही."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "विचार करून बोला. बोललात ते नोंदवावं लागेल. मग ताकिदीवर सोडणं माझ्या हातात राहणार नाही."

"नोंदवा."

"आणि एसेन्सचा कागद?"

"एक चमचा खाल्ला असता तर सहीही केली असती," बाबा म्हणाले. "खाववत नाही, तर लिहू कसं?"

माझी चार पानं मांडीवरच राहिली. मला वाटत होतं की खोटं अडवायला मी आलेय. मला उभंसुद्धा राहावं लागलं नाही.

आजोबा म्हणाले, "साहेब, मी रोज खात होतो, खरी रम होती, माझी साक्ष लिहा." साहेब म्हणाले, "आजोबा, तुमच्या साक्षीने यांचा गुन्हा वाढतो." आजोबा खाली बसले. समितीच्या बाई, तीच ती नवऱ्याची रेघ सांगणारी, उठल्या आणि त्यांनी बाबांना पाण्याचा ग्लास आणून दिला.

निकाल तिथेच दिला. परवाना चार महिने स्थगित. तीस दिवसांत अपील करता येतं.

आता तुला न सांगितलेलं सांगते. पाच वर्षं मी तुझ्यापासून हे लपवलं, कारण बाबांनी वचन घेतलं होतं. "तिला कळवू नकोस. तिला वाटेल मी बोलावतोय." आता ते सरकारी कागदावर आहे, अर्ज केला तर कुणालाही नक्कल मिळते, तेव्हा माझ्या वचनात काही राम उरलेला नाही. तरी वचन मोडलं ते मोडलं, याची नोंद मी माझ्याकडे ठेवते.

आणखी एक. तू गेलीस म्हणून त्यांनी दारू सोडली, असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. पण तसं नाही. तुझ्या पदवीच्या दिवशी ते पिऊन व्यासपीठावर चढले, तू त्या रात्री घर सोडलंस, त्यानंतर दोन वर्षं ते पीतच होते. जास्त पीत होते. मग डॉक्टरांनी घाबरवलं तेव्हा सोडली. रम-मनुका बंद करा असं मी तेव्हा म्हटलं होतं. ते म्हणाले, "दारू त्या डब्यात बसली आहे आणि मी इथे उभा आहे, हे मला रोज बघायचंय." मला हे तेव्हा पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटत नाही. पण पाच वर्षं ते तिथे उभे आहेत.

घरी परतताना बसमध्ये म्हणाले, "तुझी चार पानं वाचायची राहिली की."

"अपिलात घालते."

"मोठं होईल."

"होऊ दे."

"एसेन्सवाल्यांचं नाव घेऊ नकोस. केकवाल्यालाही पोरंबाळं आहेत."

"नाव घेणार नाही. प्रकार लिहिणार."

"लिही," म्हणाले. "सही मी करतो."

अपील आज लिहायला घेतलंय. आम्ही आमचं म्हणणं मागे घेत नाही, कारण ते खोटं नाही. दुकान चार महिने बंद राहील, कदाचित कायमचंही. मला भीती वाटते. रोज सकाळी उठून आधी शटरकडे बघते. पण आता कुणी एसेन्सचा कागद पुढे केला तर तो परत सरकवायचा, एवढं कळलंय.

तुझं निवेदन आणि आमचं उत्तर मी दुकानाच्या बंद शटरवर शेजारी शेजारी चिकटवलंय. लोक थांबून दोन्ही वाचतात आणि तिथेच भांडतात. आज एकाने तुझ्या निवेदनावर शाई ओतली. मी तुझी नवी प्रत करून लावली. माझ्याच अक्षरात.

अपील दाखल केलं की सुनावणी बारा एप्रिलला होईल, असं साहेबांनी सांगितलंय. समितीला नोटीस येईलच. आमच्याविरुद्ध बोलायचं असेल तर बोल, तो तुझा हक्क आहे आणि तुझ्या त्या माणसाचाही. मी शब्दाला शब्द देईन, धाकटी म्हणून गप्प बसणार नाही. बाबांनी मला दोनदा विचारलं, "ती येईल का?" दोन्ही वेळा मी माहीत नाही म्हणाले, कारण माहीत नाही.

फक्त दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. विरोध करायचा तर तूच ये.

धाकटी